महिन्याला एक कृती

५ नोव्हेंबर

प्रिय घाईबाई,

हाक जुनीच मारतेय, रागावू नकोस. नवी हाक शोधता शोधता दोन कागद फाडून झाले, तिसरा फाडायचा धीर नाही.

गेल्या आठवड्यात माझी चांगलीच फजिती झाली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी अठ्ठावीस तारखेला बोलावलं होतं. तारीख पक्की ध्यानात होती, वार मात्र स्वयंपाकघरातल्या भिंतीवर बघितला. मंगळवारी सकाळी नीटनेटकी होऊन दवाखान्यात हजर. तिथली मुलगी म्हणते, "आजी, तुमचा नंबर परवा आहे. आज कशा आलात?" मी तिच्याशी हुज्जत घातली. म्हटलं, अगं, अठ्ठावीसला मंगळवारच आहे, आमच्या घरी छापील कॅलेंडर आहे. तिने आपल्या टेबलावरचं कॅलेंडर माझ्याकडे फिरवलं. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

घरी येऊन भिंतीपुढे उभी राहिले तेव्हा उलगडा झाला. कॅलेंडर तुझंच, दोन वर्षांपूर्वीचं. ऑक्टोबरच्या पानावर तू चिकटवलेलं दुधातल्या भाताचं लेबल, कोपऱ्यात चमच्याचं चित्र. दर पहिल्या तारखेला पान उलटायची सवय काही गेली नाही, नवीन आणायचं मात्र राहून गेलं. डिसेंबर संपला की पुन्हा जानेवारी, असं मी तेच वर्ष फिरवत बसले होते.

तेव्हा परवा नवीन आणलं, पुढच्या वर्षीचं. भिंतीवर धरून बघितलं तर अगदीच बोडकं दिसतंय. सरकारी कचेरीत लावतात तसं. तुझ्यासारखी लेबलं करून चिकटवावीत असं मनात आहे. महिन्याला एक कृती, वरच्या चित्रावर. आणि ज्या दिवशी ती करायची त्या चौकोनात छोटंसं गोल लेबल. एकदा आलेली कृती पुन्हा घ्यायची नाही, हा तुझा नियमही माझ्या लक्षात आहे. विचारायचं एवढंच की तू कागद कुठला वापरायचीस? आणि अक्षरं पुसली जात नसत ती कशाने?

मी मजेत आहे. चिरंजीव त्याच्या नोकरीच्या गावी. फोन येत असतो.

उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना "येते हं काकू" म्हणालीस, तेव्हा मी तुझ्या चपलांकडे बघत राहिले. सहा वर्षं आई आणि एका सहीनंतर काकू. तुला दोष देत नाही गं. तुमचं दोघांचं पटलं नाही. आपलं दोघींचं पटत होतं. पण त्या कागदांवर आपल्या दोघींसाठी कुठे रकानाच नव्हता.

कागदाचं तेवढं कळव.


१९ नोव्हेंबर

प्रिय घाईबाई,

तुझं कार्ड मिळालं. "स्टिकर पेपर, मॅट. चकचकीत नको, शाई फिसकटते. आधी साध्या कागदावर काढून चौकोनावर धरून बघा." बास. तारीख नाही, सही नाही. सहीची गरज नव्हती म्हणा. तुझा 'क' अजून तसाच आहे, शेपटी उडवून पळत सुटल्यासारखा.

कार्ड घेऊन तशीच प्रिंट काढणाऱ्या दुकानात गेले. आपल्या जुन्या पोस्टाशेजारी उघडलंय. दुकानात एकच बाई असते. मी तिला प्रिंटवाली म्हणते, मनातल्या मनात. तोंडावर म्हणायची सोय नाही, फार तापट आहे. तिच्याकडे मॅट कागद नव्हता. "चकचकीत चालेल ना?" म्हणाली. मी कार्ड दाखवलं. तिने ते उलटसुलट करून वाचलं आणि विचारलं, "कोण या?"

काय सांगणार होते? म्हटलं, "या विषयातल्या तज्ज्ञ आहेत."

कागद मागवून घेतला बाईने. मग खरी गंमत. ती टाइप करणार, मी सांगणार. मी म्हटलं, "लिहा, बटाट्याचं सूप. बटाटे घ्यायचे."

"किती?"

"लागतील तेवढे."

"काकू, लागतील तेवढे असं लेबलावर छापायचं का?"

"बरं, चार. मग कांदा परतायचा, रंग येईपर्यंत. मीठ चवीपुरतं."

"कुणाच्या चवीपुरतं?"

तिने चिडून विचारलं होतं, पण मी खरंच विचार करू लागले. इतकी वर्षं मीठ घालताना कुणाची ना कुणाची जीभ डोळ्यांसमोर असायची. तुझ्या सासऱ्यांना अळणी लागायचं, चिरंजीवाला खारट चालायचं, तुला मिरपूड जास्त हवी असायची. आता कुणाच्या चवीने घालते ते आठवेना. खरं सांगायचं तर आठवण्यासारखं काही नव्हतंच. तू गेल्यापासून मी सकाळी चहा-पाव आणि संध्याकाळी पाव-चहा, यापलीकडे फारसं गेलेले नाही. असू दे.

तू माझ्यामागे वाटी घेऊन धावायचीस. "थांबा आई, मूठ उघडा, पीठ मापू दे." आणि मी म्हणायची, बाजूला हो, तेल तापलंय. तेव्हा मापून घेतलेल्या कृती तुझ्या कॅलेंडरांवर येऊन गेल्या. आता नव्या बारा हव्यात तर माझ्या मुठीच्या मागे मीच धावायचं. त्याला इलाज नाही. एकेक पदार्थ करायचा, मापायचा, मग दुकानात जायचं.

गणवेश शिवण्यात जन्म गेला. टेपने कॅलेंडरचा चौकोन मापला तेव्हा हाताला जरा बरं वाटलं. कापायचं, बसवायचं, हे मला जमतं.

डॉक्टर म्हणतात डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून टाकू. साधं काम आहे. घरून कुणाला तरी सोबत आणा म्हणाले. बघू.


१ डिसेंबर

प्रिय घाईबाई,

आज थोडंच लिहिते. पाच कृती झाल्या. भोपळ्याचं सूप दाट झालंय, पुढच्या वेळी पाणी जास्त. अंड्याचा केक बसला, फुगलाच नाही, तो रद्द. एवढं अन्न एकटीने कसं संपवायचं हा प्रश्नच होता. खालच्या मजल्यावरचे निवृत्त बसचालक डबा रिकामा करून देतात आणि वर शेराही देतात. काल म्हणाले, "वहिनी, कोबी छान, पण घाईत केलीत." कोबी घाईत केली नव्हती. तीन तास तिच्यामागे होते.

चिरंजीवाचा फोन आला होता. त्याचं बरं चाललंय.

बाकी विशेष काही नाही. उत्तराची वाट बघत नाहीये, तू कामात असशील.


१५ डिसेंबर

प्रिय घाईबाई,

मागच्या पत्रात बाकी विशेष काही नाही असं लिहिलं, ते खोटं होतं. दोन आठवडे ते घशात अडकून बसलंय. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

चिरंजीवाने लग्न केलं. फोन त्यासाठीच होता. समारंभ नाही, दोघांनी जाऊन सह्या केल्या. मला आधी सांगितलं नाही, कारण "तू रडशील म्हणून, आई." मी रडले नाही. मी विचारलं, जेवते काय ती? तो हसला. मग म्हणाला, "आई, तू तिला पत्रं लिहितेस का?" तिला म्हणजे तुला. तू कार्ड पाठवल्याचं मीच त्याला कौतुकाने सांगून बसले होते.

"कागदाची चौकशी केली."

"बरं दिसत नाही ते. तिलाही त्रास, हिलाही."

"आणि मला?"

त्यावर त्याने मोतीबिंदूचं विचारलं. वाईट नाहीये गं तो. अवघड जागी आला की विषय बदलतो. तुझ्याही बाबतीत तेच करत आला, तुला वेगळं सांगायला नको.

ऑपरेशनला त्याला रजा मिळेना. मी म्हटलं, राहू दे, बसचालकांना घेऊन जाईन. तर गेल्या आठवड्यात दार वाजलं. दारात हातात बॅग घेतलेली एक बाई. तिशीतली, उंच, केस बारीक कापलेले. म्हणाली, "मी दाताच्या दवाखान्यात काम करते. ड्रॉप्स घालता येतात, पट्टी बदलता येते. चार दिवस राहीन, चालेल ना?" स्वतःची ओळख अशी दिली. सून म्हणून नाही दिली. त्या क्षणी ती मला आवडली, हे मला तुझ्यापाशी कबूल करायचंय आणि कसं करावं ते कळत नाहीये.

मी तिला नवी म्हणते. तिला सांगूनच. तिने चालेल म्हटलं.

ऑपरेशन नीट झालं. डोळ्यावर पट्टी, खाली वाकायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही. टेबलावर लेबलांचे कागद पसरलेले होते. नवी म्हणाली, "हे काय करत होता?" मी सांगितलं. तुझं नाव घेऊन सांगितलं. ती उठून भिंतीपाशी गेली. तुझं जुनं कॅलेंडर तिथे होतंच. डिसेंबरचं पान तिने वाचलं, मग मागची पानं एकेक करून उलटली. मला नीट दिसत नव्हतं, कागदाचा आवाज येत होता. पानं संपल्यावर म्हणाली, "फार सुंदर केलंय हो त्यांनी."

त्यांनी म्हणाली. पहिली नाही, आधीची नाही.

उरलेल्या कृती मग तिने केल्या. मी खुर्चीत बसून सांगायची, ती मापायची. चमचे, वाट्या, दवाखान्यात औषधं मापतात तशी. तोंडाने आकडे पुटपुटत. घरात दुसऱ्या माणसाने कपाट उघडल्याचा, डबा ठेवल्याचा आवाज येत होता आणि मी डोळा झाकून तो ऐकत होते. मला आनंद झाला, घाईबाई. आनंद झाला आणि लगेच वाटलं, मी तुझ्याशी दगा करतेय.

एक गोष्ट मात्र मी माझ्या हिशोबाने केली. ती ऐक आणि मग काय म्हणायचं ते म्हण.

बारातल्या अकरा कृती माझ्या. जूनची माझी नाही. तुझ्या आईंचा सफरचंदाचा मुरंबा. त्या आजारी होत्या तेव्हा मी तुझ्याबरोबर गेले होते, आठवतं? त्यांनी अंथरुणातून सांगितला आणि आपण दोघींनी केला. तू रडत होतीस म्हणून पाकाकडे मी बघत होते. त्यामुळे पाक कुठपर्यंत येऊ द्यायचा ते फक्त मला ठाऊक आहे, तुला नाही. तू तो पुन्हा कधी केला नाहीस, लेबलावरही कधी घेतला नाहीस. मी तो ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात तीनदा केला. तिसऱ्यांदा तसाच झाला. मापं पक्की आहेत. घाबरायचं कारण नाही.

चिरंजीव फोनवर म्हणाला, "हिच्यासाठीही एक कॅलेंडर कर ना, हिला आवडलंय." केलं. पण नवीच्या कॅलेंडरमध्ये जून रिकामा ठेवला. तिने दुसऱ्या दिवशी पानं चाळताना विचारलंच.

"जून विसरलात का?"

"नाही. ती कृती माझी नाही. मला देता येत नाही."

"त्यांची?"

"त्यांच्या आईची. त्या आता नाहीत."

"मग राहू द्या रिकामा," ती म्हणाली. "मी माझ्या आईला विचारते. तिला एक तरी पदार्थ येत असेल." आणि हसली. तिच्या आईला स्वयंपाक येत नाही म्हणे, सगळ्या घरात बदनाम आहे.

काल ती गेली. मी गॅलरीत उभी राहून हात हलवला. पट्टी निघालीय, पण अजून धूसर दिसतं, त्यामुळे रस्त्यावरच्या भलत्याच बाईला हात हलवला. तीही बिचारी हात हलवून गेली.

तुझ्यासाठी एक कॅलेंडर केलंय. बारा महिने भरलेलं. पाठवू का? हो किंवा नाही, एवढंच कळव. पत्ता तोच आहे ना?


२८ डिसेंबर

प्रिय घाईबाई,

तुझं पत्र आलं. या वेळी कार्ड नाही, बंद पाकीट. बंद म्हणजे काहीतरी मोठं असणार, म्हणून चहा करून, चष्मा लावून, नीट बसून उघडलं.

"कॅलेंडर नक्की पाठवा. जून सगळ्यात आधी बघेन. पण पत्रं नका पाठवू. तुमचं पत्र आलं की आठवडाभर माझा हात कामाला लागत नाही. ऑफिसात बसून मी तुमच्या स्वयंपाकघरात असते. मला तिथून बाहेर यायचंय. तुमच्यावर राग नाही. असता तर सोपं गेलं असतं."

चार वेळा वाचलं. पहिल्यांदा लागलं. दुसऱ्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, मी काय मागितलं होतं हिच्याकडे? कागदाचं नाव. नंतर लक्षात आलं की मी कागदाचं नाव मागितलंच नव्हतं. ते तुला पहिल्याच दिवशी कळलं, मला कळायला दोन महिने लागले. तरी तू कार्ड पाठवलंस.

बरोबर आहे तुझं. तुला पुढे जायचंय आणि मी दर पंधरवड्याला तुझा पदर ओढतेय. नवीच्या बाबतीत तू एक अक्षर लिहिलं नाहीस, तेही बरोबर आहे. मी लिहायला नको होतं असं मात्र मला वाटत नाही. तुला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर ती तुला वेगळीच दिसली असती.

कॅलेंडरसोबत चिठ्ठी तर जातेच, म्हणून हे एवढं. याला पत्रात धरू नकोस.

लेबलं मी चिकटवलेली नाहीत. पानांच्या मध्ये कागद तसेच ठेवलेत, बाराही. कुठल्या महिन्याचं चित्र झाकायचं आणि कुठलं उघडं ठेवायचं हे ज्याच्या भिंतीवर लागणार त्याने ठरवावं. गोल लेबलं वेगळ्या पुडीत आहेत. ती जास्तच घातलीत, एखादा पदार्थ तुला पुन्हा पुन्हा करावासा वाटला तर कमी पडायला नकोत. अक्षर मोठं घेतलंय. प्रिंटवाली म्हणाली, "एवढं मोठं? त्यांनाही दिसत नाही का?" मी म्हटलं, दिसतं, पण तिला वाचायला थांबायची सवय नाही. बाईने पैसे न घेता जूनचं लेबल दुसऱ्यांदा काढून दिलं. पहिल्यात सफरचंदाचा रंग तिच्या मनासारखा आला नव्हता. ती चांगली आहे. पुढच्या आठवड्यात तिला सूप नेऊन देणार आहे, मग मिठाचं तिचं तीच सांगेल.

मुरंब्याला सफरचंदं आंबट घे. पाक बोटाला चिकटला की लगेच खाली उतरव, एक क्षणही थांबू नकोस. लेबलावर हे आहे, तरी सांगते. तुझ्या आईंनी हे सांगताना माझा हात धरला होता. ते लेबलावर नाही.

जाताना एक गोष्ट सांगू? पत्र नको म्हणालीस, तेव्हा मला एक चलाखी सुचली होती. लेबलांच्या मागे दोन दोन ओळी लिहाव्यात. जानेवारीच्या मागे हे, फेब्रुवारीच्या मागे ते. म्हणजे पत्रही नाही आणि वर्षभर तुझ्याशी बोलणंही होईल. पेन घेऊन बसलेसुद्धा. जानेवारीचं लेबल सोलून उलटं धरलं, तर मागे सगळा गोंद. बोटाला चिकटून बसलं, सुटता सुटेना. लिहायला जागाच नाही. तिथून काढून ते माझ्याच कॅलेंडरवर चिकटवून टाकलं. तुझ्यासाठी नवं काढलं आहे, कोरं.

पोस्ट पाचला बंद होतं. निघते.